आगळ पाहिजे असेल तर आगळच मागा

रातांबा, सोल, आमसूल, आगळ, अमृत कोकम, मुठेल. एकाच झाडाचे हे शब्द, आणि दुकानात गेलं की सगळ्यांचं मिळून होतं ‘कोकम’. मला हे फार खटकतं. हे शब्द कुणी हौसेने ठेवलेले नाहीत. प्रत्येकाचा जिन्नस वेगळा आहे आणि स्वयंपाकात एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

गेल्या मे महिन्यात माझ्या पुण्याच्या भाचीने सोलकढीसाठी ‘कोकम’ लिहिलेली बाटली आणली. नारळाचं दूध काढलं, लसूण-मिरची वाटून लावली, वरून बाटलीतलं ओतलं आणि चव घेतली तर गोड! साखरेच्या पाकातलं सरबत होतं ते. अख्ख्या नारळाचं दूध मोरीत गेलं. पोरीला हवं होतं आगळ, आणि तो शब्द बाटलीवर कुठेच नव्हता.

आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, रस. त्यात साखर नाही, वरचं पाणी नाही, आणि मिठामुळे ते वर्षभर राहतं. अमृत कोकमाची रीत निराळी. फळाच्या अर्ध्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावायचे आणि बरणी उन्हात ठेवायची, म्हणजे लालभडक पाक सुटतो. एक जेवणातलं, दुसरं पाहुण्यांच्या पेल्यातलं.

सोल म्हणजे साल. आपण केळं ‘सोलतो’ तेच हे. आमसूल म्हणजे आंबट सोल. आमटीतला ‘आम’सुद्धा त्याच आंबटाचा. पण सालं नुसती वाळवून आमसुलं होत नाहीत. खळ्यात दिवसभर तापलेली सालं मिठाच्या रसात बुडवायची, निथळायची, पुन्हा उन्हात घालायची. असं पुन्हा पुन्हा केलं की ती काळी-जांभळी आणि मऊ होतात, बोटांना चिकटतात. रसाला कंटाळा केलेलं आमसूल चामड्यासारखं कडक राहतं आणि आमटीत रंगही सोडत नाही. हे सगळं पाऊस यायच्या आत उरकायचं असतं. वळवाची एक सर आली की पोरंटोरं धरून घरातले सगळे सुपं उचलायला धावतात.

रातांब्याचा रात्रीशी काही संबंध नाही. रक्त, रत्त, राता असा तो शब्द आला आणि त्याचा अर्थ तांबडा. जुन्या मराठीत तांबड्या कमळाला रातोत्पळ म्हणत. म्हणजे रातांबा हा तांबडा आंबा. खाली सावंतवाडीकडे आणि गोव्यात त्यालाच भिरंड म्हणतात. पोर्तुगिजांनी हा शब्द आपल्या जिभेप्रमाणे वळवून घेतला. गार्सिया द ओर्ता या त्यांच्या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथातही या फळाचा उल्लेख आहे. (झाडाचं शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. ते या ओर्तावरून पडलं असं वाटतं खरं, पण ते लॉरां गार्सां या दुसऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञावरून आहे.)

बीसुद्धा फुकट जात नाही. ती वाळवून, कुटून, पाण्यात उकळली की वर तेल येतं. ते थिजतं, मग मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. हे मुठेल. भेगाळलेल्या टाचांना हिवाळ्यात याच्यासारखं दुसरं काही नाही.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण मग आपणच बाटलीवरचं नाव इतकं मोघम का ठेवतो? ‘शहरात आगळ कुणाला कळत नाही’ असं विक्रेते सांगतात. लिहिलंच नाही तर कळणार कसं? लोक पनीर आणि चीज वेगळं ओळखायला शिकले, आगळही शिकतील. आमच्या बचत गटांच्या बायकांनी आणि छोट्या कारखानदारांनी मोठ्या अक्षरांत ‘आगळ’ छापावं, खाली ‘मीठ घातलेलं, सोलकढीसाठी’ एवढी एक ओळ टाकावी. सरबताच्या बाटलीवर सरबत लिहावं.

तोवर घेणाऱ्यांनी बाटली उलटी करून घटक वाचावेत. साखर दिसली तर ती सोलकढीसाठी घेऊ नका. नुसता रातांबा आणि मीठ असेल तर ते आगळ, नाव काहीही छापलेलं असो.