‘सिल फिट होत नाहीत’ या रिव्ह्यूला माझं उत्तर

नमस्कार दादा,

रिव्ह्यू परवा रात्री वाचला, तुम्ही टाकलेले सगळे फोटो मोठे करून करून बघितले. तेव्हाच लिहायला बसलो होतो पण म्हटलं आधी दुकानात जाऊन त्याच लॉटमधला माल मोजू आणि मग बोलू, म्हणून एक दिवस उशीर झाला.

बाकीचे लोक वाचतायत म्हणून थोडक्यात सांगतो. दादांनी आमच्याकडून त्यांच्या १९७२ च्या एमजीबी रोडस्टरसाठी (जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार) दोन्ही बाजूंचे आउटर सिल (दाराखालचे लांब पत्रे), त्याखालचे कॅसल रेल आणि आतले उभे पत्रे म्हणजे मेम्ब्रेन असा पूर्ण सेट नेला, घरच्या गॅरेजमध्ये सहा वीकेंड घालवून स्वतः वेल्ड केला आणि आता ड्रायव्हर साइडचं दार लागतच नाही. त्यांचं म्हणणं असं की पॅनेलच चुकीच्या मापाचे आहेत, फोन केला तर मी ‘वेल्ड केलेला माल परत घेत नाही’ म्हणून विषय तोडला, आणि मराठी माणूस म्हणून विश्वास टाकला तो अंगाशी आला.

फोनचं आधी बोलतो कारण तिथे चूक माझी आहे. तुम्ही फोन केलात तेव्हा मी एका गाडीखाली होतो, पण ते तुम्हाला काय माहीत. दार लागत नाही म्हणून माणूस रडकुंडीला येऊन फोन करतो आणि समोरून पहिलं वाक्य परत घेण्याच्या नियमाचं येतं, हे बरोबर नव्हतं. आधी विचारायला हवं होतं की गाडी कशावर उभी आहे, दार वर अडकतंय की खाली. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आता पॅनेल. काल सकाळी तुमच्याच लॉटमधली उजव्या बाजूची जोडी काढली, आमच्याकडे सध्या एक उघडी बॉडी उभी आहे त्यावर क्लॅम्प लावून बसवली. पुढे बिजागरीच्या खांबाला बसली, मागे लॉकच्या खांबाला बसली, कॅसल रेलच्या वळणाला सरळ लागली. त्यामुळे माल चुकीचा किंवा हलका हे मी मान्य करू शकत नाही, आणि दुसऱ्या कोणी हे वाचून त्याच पॅनेलला नावं ठेवू नयेत म्हणून स्पष्ट लिहितोय.

पण तुमचं दार का लागत नाही ते तुमच्याच चौथ्या फोटोत दिसतंय. पुढचा स्टँड क्रॉसमेंबरखाली (इंजिनखालच्या आडव्या तुळईखाली) आहे, मागचा अ‍ॅक्सलखाली, आणि मधे दोन्ही बाजूंचे सिल एकाच वेळी कापून काढलेत. मधे टेकू काहीच नाही. दाराच्या चौकटीत आडवी ब्रेस, म्हणजे तात्पुरता लोखंडी आधार, नाही. दारंही काढून भिंतीला लावून ठेवलेली दिसतायत. पुढे १७९८ सीसीचं बिडाचं इंजिन गिअरबॉक्ससकट तसंच बसलंय. म्हणजे गाडी दोन टोकांवर उभी आणि पोटात आधार नाही, मग ती मधे बसणारच दादा. शेवटच्या फोटोत बघा, दाराची मागची वरची कड खांबाला टेकलीय, तिथून कागद जाणार नाही, आणि खाली करंगळी जाईल एवढी फट आहे. पॅनेल लांबीला चुकलं असतं तर फट वर-खाली सारखीच बिघडली असती. वर मिटलीय आणि खाली उघडलीय म्हणजे मधे बॉडी खाली गेलीय आणि त्याच अवस्थेत नवे सिल वेल्ड होऊन ती तशीच पक्की झालीय.

तुम्ही लिहिलंय की मित्राने त्याच्या एमजीएचं (एमजीबीच्या आधीचं मॉडेल) पत्र्याचं काम असंच गॅरेजमध्ये केलं आणि त्याला काही झालं नाही. त्याला नाही होणार, कारण एमजीएला खाली वेगळी चासी आहे, बॉडी तिच्यावर ठेवलेली असते. १९६२ ला एमजीबी आली तेव्हा अ‍ॅबिंग्डनवाल्यांनी, म्हणजे एमजीच्या कारखान्याने, ती चासीच काढून टाकली, बॉडी हीच चासी. आणि रोडस्टरला तर वर छप्परही नाही, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवायला मधला बोगदा (गिअरबॉक्सवरचा पत्रा) आणि हे दोन सिल एवढंच उरतं. बाहेरून एक चकचकीत पट्टी दिसते पण आत इनर सिल, उभं मेम्ब्रेन, खाली कॅसल रेल असे सगळे मिळून डबा तयार होतो, आणि गाडीची ताकद त्या डब्यात आहे. माझे वडील कोल्हापूरला उद्यमनगरात फॅब्रिकेशन करायचे, ते म्हणायचे आधी टेकू मग कटर. इकडे इंग्लंडात कॉव्हेंट्रीत दुकान टाकल्यापासून तेच करतो. एक बाजू पूर्ण करायची मगच दुसरीला हात लावायचा, दार बिजागरीवरच ठेवायचं, आधी सगळं स्क्रूवर आणि क्लॅम्पवर बसवून दार उघडून लावून बघायचं, वेल्डचे चार टॅक (ठिपके) मारले की परत दार लावून बघायचं. कंटाळवाणं काम आहे पण दुसरा रस्ता नाही.

आणि इथेच माझ्या दुकानाची दुसरी चूक. तुम्ही माल घ्यायला आलात तेव्हा आमच्या मुलाने पॅनेल बांधून दिले, बिल केलं, आणि कोणीही विचारलं नाही की बॉडीला ब्रेस मारलीय का. आमच्याकडे वेल्डिंग शिकायला येणाऱ्यांना पहिल्या तासाला हेच सांगतो, आणि काउंटरवर पूर्ण सिल सेट नेणाऱ्या घरगुती माणसाला सांगत नाही, हे चुकलं. कालपासून प्रत्येक सिल सेटसोबत मराठीत आणि इंग्रजीत एक पान जातंय, टेकू कुठे द्यायचा, ब्रेस कुठे मारायची, आणि कापण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवा म्हणून.

तुमचं काम वाईट आहे असं मात्र अजिबात समजू नका. ते जुन्या सिलचे तुकडे टाकलेत ना फोटोत, ते बघून मला कळलं तुम्ही काय उपसलंय. वर आधीच्या कोणीतरी सडक्यावर मारलेला कव्हर सिल, त्याच्याखाली लांबी (पुट्टी), त्याच्याखाली मूळ सिल भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटलेला, आणि पुढच्या टोकाला वाळलेल्या चिखलाचा ढेकूळ. हा चिखल चाकाने उडवलेला असतो, चाकामागच्या पत्र्याचं रबर गेलं की फेंडरच्या आत जातो, सिलच्या डोक्यावर बसतो, हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ त्याच्यात मुरतं आणि तो वर्षभर ओला राहतो. बऱ्याच एमजीबी तिथूनच सडायला लागतात. तुम्ही तो सगळा काढलात, नव्यावर नवं चढवलं नाहीत, झिंक प्रायमर मारलात, प्लग वेल्डची (भोकातून मारायच्या वेल्डची) भोकं सारख्या अंतरावर पाडलीत. ही मेहनत दिसते. पैसे घेऊन काम करणारेही कव्हर सिल चिकटवून मोकळे होतात, तुम्ही रात्री जागून तसं केलं नाहीत.

पण रिव्ह्यूच्या शेवटी लिहिलंय की आता दाराची कड ग्राइंडरने घासून बसवणार आणि एमओटी (इथली गाडीची वार्षिक तपासणी) लागत नाही त्यामुळे चालवायला सुरुवात करणार. हे वाचून झोप उडाली माझी. चाळीस वर्षांवरच्या गाडीला मोठे बदल केले नसतील तर २०१८ पासून एमओटीची सक्ती नाही हे खरं, पण गाडी रस्त्यावर आणण्यालायक ठेवायची जबाबदारी कायद्याने मालकाचीच आहे. दार घासलंत तर फट दिसायला बरी होईल, बॉडी वाकलेलीच राहील, आणि ते जुनं दार कायमचं गेलं. मूळ दार आहे ते, फोटोत खालची कडसुद्धा शाबूत दिसतेय, असं दार आता सहजासहजी मिळत नाही.

सुधारता येतं हे. पैसे परत देत नाही कारण माल बरोबर होता, पण काम सरळ करून द्यायची जबाबदारी अर्धी माझी धरतो. येत्या रविवारी माझी व्हॅन घेऊन तुमच्याकडे येतो. सोबत आट्यांची (फिरवून लांब-आखूड होणारी) ब्रेस आणतो, ती चौकटीत बिजागरीपासून लॉकपर्यंत लावायची, ड्रायव्हर साइडच्या सिलचे प्लग वेल्ड ड्रिलने सोडवायचे, मधे जॅक लावून आणि ब्रेस फिरवून फट थोडी थोडी उघडायची, दार लटकवलेलंच ठेवून. वर-खाली चार-पाच मिलिमीटरची सारखी फट आली की परत वेल्ड. दुसरी बाजू तशीच सुटली तर उत्तम, नाहीतर तीही करू. माझ्या मजुरीचा एक पैसा घेणार नाही, आणि सोडवताना कॅसल रेल फाटला तर नवा माझ्याकडून. तुम्ही स्वतः वेल्ड करा, मी शेजारी उभा राहतो, कारण गाडी तुमची आहे आणि तुमच्या हातून झालेली तुम्हाला हवीय हे रिव्ह्यू वाचूनच कळतं.

तोपर्यंत एवढंच करा. इंजिन होइस्टने काढता येत असेल तर काढून ठेवा, नसेल तर राहू दे, गाडीवर चढू नका आणि आत बसून दार ओढून बघू नका. सीटमागच्या दोन्ही सहा व्होल्टच्या बॅटऱ्या बाहेर काढा, टाकीतलं पेट्रोल काढा, आपण तिथेच ठिणग्या पाडणार आहोत. सिलमध्ये गंज रोखायचं मेण आत्ता मारू नका, आतमध्ये मेण असलं की वेल्ड करताना पेटतं, ते सगळ्यात शेवटी. दारं काढलेली असतील तर परत बिजागरीवर चढवा, बोल्ट हलकेच ठेवा. आणि दोन्ही चौकटींचे कर्ण मोजून मला दुकानाच्या नंबरवर पाठवा, म्हणजे किती वर आणायचंय ते मी येण्याआधी कळेल.

रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही, राहू दे. रविवारी सकाळी नऊला पोचतो, ग्राइंडर मात्र तोपर्यंत दाराला लावू नका.