बाळाची बुद्धी आणि नजर सोनोग्राफीच्या आकड्यांत दिसत नाही

मुंबईतल्या गरोदर मुलींच्या आणि त्यांच्या आया-सासवांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डोकं आठवडाभर मागे असेल तर बुद्धी कमी, मेंदूत पाणी दिसलं तर बाळ मतिमंद, डोळे दिसले तर नजर ठणठणीत. आणि सोनोग्राफी पुन्हा केली तर मेंदूला इजा. परळ-दादरच्या सेंटरांवर रिपोर्ट हातात पडायच्या आधीच मुली रडवेल्या झालेल्या असतात. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी डोकं. ‘बीपीडी’ ही डोक्याची रुंदी. बाळ पायाळू असेल तर डोकं बऱ्याचदा लांबट असतं, रुंदी कमी भरते, मेंदू तेवढाच असतो. म्हणून घेर, म्हणजे ‘एचसी’, बघायचा. तो सरासरीच्या दोन ‘एसडी’ (सरासरीपासून किती फरक आहे ते मोजायचं माप) खाली गेला तर लक्ष ठेवतात, तीन खाली गेला तर डोकं खरोखर लहान असल्याचा संशय धरतात. शेवटच्या पाळीची तारीख चुकीची सांगितली असेल तर आठवड्याचा फरक तिथेच पडतो.

सगळ्यात जास्त घात केलाय तो ‘मेंदूत पाणी’ या शब्दांनी. पाणी प्रत्येकाच्या मेंदूत असतं, तुमच्या-माझ्याही. ते ज्या पोकळीत असतं त्या व्हेंट्रिकलची रुंदी 10 मिलिमीटरच्या आत असली की नॉर्मल. पाचव्या महिन्यातही आणि नवव्यातही. मोजताना स्क्रीनवर दोन बारीक फुल्या ठेवतात, दोन्ही भिंतींच्या आतल्या कडेवर, रेघ पोकळीला काटकोनात. रेघ जराशी तिरकी गेली की 9.5 चे 10.3 होतात. आकडा 10 ते 15 मध्ये आला तर बाकीचा मेंदू बारकाईने बघतात, इन्फेक्शनच्या आणि गुणसूत्रांच्या तपासण्या सुचवतात. 10 ते 12 असून दुसरं काहीच सापडलं नाही, तर बहुतेक मुलांची वाढ नेहमीसारखी होते. 15 च्या वरचा आकडा मात्र गंभीर आहे, तिथे खोटा दिलासा मी देणार नाही.

डोळ्यांच्या खोबण्या, त्यांच्यातलं अंतर आणि भिंगाचं बारीक कडं सोनोग्राफीत दिसतं. भिंग आतून पांढरं दिसलं तर मोतीबिंदूची शंका येते. पण बाळाला दिसणार का, हे त्यातून कळत नाही. नजर जन्मानंतरच तपासतात. बाळ 34 आठवड्यांच्या आत किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं, तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी पहिल्या महिन्यात करून घ्याच.

राहिली इजा. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात, आणि गरजेपुरत्या तपासणीने बाळाचा मेंदू बिघडल्याचं दिसलेलं नाही. उलट 10 च्या वरचा आकडा उतरतोय की चढतोय, हे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजल्यावरच कळतं, आणि नेमकी तीच सोनोग्राफी टाळायला हा मेसेज सांगतोय.