कुत्र्याचं औषध मांजरासाठी का दिलं नाही

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. एक तारा दिलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्या मांजरासाठी, चिकूसाठी, मानेवर टाकायचं पिसवांचं औषध आमच्याकडून नेलं, साडेसहाशे रुपये गेले, आणि पंधरा दिवसांत पिसवा परत, उलट जास्तच, म्हणजे माल डुप्लिकेट. दुसऱ्यांदा आलात तेव्हा तुमच्या लॅब्रॅडॉरसाठीचं मोठं पाकीट मागितलंत, निम्मं त्याला आणि निम्मं चिकूला टाकायचं म्हणून. मी दिलं नाही, वर चारचौघांत तुमची शाळा घेतली. महाग औषध खपवायला हे सगळं केलं, असंही तुम्ही लिहिलंय.

शाळा घेतली हे खरं आहे. माझा आवाज चढला होता, दुकानात गिऱ्हाइकं होती, तुमची मुलगी शेजारी उभी होती. तसं बोलायला नको होतं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. नकाराबद्दल मात्र मागत नाही, उद्या परत आलात तरी ते पाकीट चिकूसाठी देणार नाही. का, ते त्या दिवशी नीट सांगायला हवं होतं. आता सांगतो.

सात वर्षांपूर्वी, असाच पावसाळा होता. एक काकू टोपलीत मांजर घेऊन आल्या, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं. मला वाटलं भिजून कुडकुडतंय. टॉवेल बाजूला केला तर कान फडफडत होते, पाठीची कातडी थरथरत होती, तोंडातून लाळ गळत होती. आदल्या संध्याकाळी काकूंनी कुत्र्याच्या औषधाचे "फक्त चार थेंब" त्याच्या मानेवर टाकले होते. ते पाकीट माझ्याच काउंटरवरून गेलं होतं. कुणासाठी हवंय हे विकणाऱ्याने विचारलं नव्हतं, आणि विकणारा मी होतो. मागच्या मोरीत कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड घेऊन त्याची मान धुतली, कोरड्या टॉवेलात गुंडाळलं आणि रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. या विषावर उतारा नाही. झटके थांबवायची औषधं द्यायची, सलाईन लावायचं आणि विष उतरायची वाट बघायची. दोन रात्री गेल्या. मांजर वाचलं. काकू परत कधी दुकानात आल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांना जराही दोष देत नाही.

त्या औषधात पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक होतं. तुम्ही बोट दाखवलेल्या पाकिटातही तेच आहे. कुत्र्याचं शरीर ते पचवून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृताला ते जमत नाही, म्हणून ते अंगात साठतं आणि थेट मज्जातंतूंवर जातं. त्यामुळे निम्मा डोस किंवा पाव डोस हा हिशेब इथे लागूच होत नाही. कुत्र्याच्या सगळ्याच औषधांत पर्मेथ्रिन नसतं हे खरं, पण ज्यात नसतं तेही कुत्र्याच्या वजनाच्या मापाने भरलेलं असतं. आणखी एक: लॅबला पर्मेथ्रिनवालं औषध लावलंत तर ते पूर्ण वाळेपर्यंत चिकूला त्याच्याजवळ जाऊ देऊ नका. मांजरं कुत्र्याला चाटतात, त्याच्या कुशीत झोपतात.

आता डुप्लिकेटबद्दल. तुमच्या बिलावरून बॅच काढून पाहिली, माल कंपनीकडूनच आलेला आहे, मुदत पुढच्या वर्षीपर्यंत आहे. त्याच बॅचची पाकिटं दुकानात आहेत, येऊन पाहू शकता. मग पिसवा परत का आल्या? तुमच्या रिव्ह्यूतच दोन गोष्टी आहेत. औषध टाकल्यावर दुसऱ्या दिवशी चिकूला शॅम्पूने आंघोळ घातलीत. हे औषध कातडीच्या तेलकटपणात मिसळून अंगभर पसरतं. आधी आणि नंतर दोन दोन दिवस आंघोळ टाळायची असते. आणि लॅबला काहीच लावलं नव्हतं. कुत्र्याच्या अंगावर सापडते ती पिसूही बहुतेक वेळा मांजराचीच असते, त्याच जातीची. म्हणजे चिकू साफ होत होता आणि शेजारी झोपणारा भाऊ त्याला परत देत होता.

हे दोन्ही आमच्या दुकानातल्या मुलाने तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारायला, सांगायला हवं होतं. घरात आणखी कोण आहे, आंघोळ कधी घातली, यातलं त्याने काही विचारलं नाही, नुसतं पाकीट आणि बिल हातात दिलं. ही चूक आमची आहे, आणि तुमचा राग या बाबतीत रास्त आहे.

खरी लढाई अंगावर नसतेच, ती घरात असते. अंगावर दिसतात त्या, अंडी-अळ्या-कोश धरून, घरातल्या एकूण पिसवांपैकी जेमतेम पाच टक्के धरल्या जातात. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. ती केसांवर चिकटत नाहीत, मांजर जिथे बसेल, उठेल, उडी मारेल तिथे सांडतात: सोफ्याच्या फटीत, दिवाणाखाली, शहाबादी फरशीच्या सांध्यात. अळ्या उजेडाला भितात आणि मोठ्या पिसवांच्या वाळलेल्या रक्ताच्या विष्ठेवर जगतात. मग त्या कोश करतात, आणि कोशात कुठलंच औषध नीट पोचत नाही. कोशातली पिसू महिनोन्महिने थांबू शकते. पावलांचा कंप, ऊब, श्वासाची हवा जाणवली की बाहेर येते. म्हणून तर गणपतीला आठवडाभर गावी जाऊन आलेली माणसं सांगतात, कुलूप उघडलं आणि पोटऱ्यांवर पिसवा चढल्या. पुण्याच्या पावसाळ्यात, उबदार आणि दमट हवेत, अंड्यापासून पिसू व्हायला तीन आठवडेही पुरतात. तुम्हाला पंधराव्या दिवशी दिसल्या त्या बहुधा कोशातून निघालेल्या नव्या होत्या. शिवाय औषध लागलेल्या पिसवा मरताना सैरभैर होऊन केसांच्या वर येतात, त्यामुळे सुरुवातीला जास्त वाटतात.

आता काय करायचं. चिकूला लगेच दुसरा डोस देऊ नका, पहिल्यानंतर महिना होऊ द्या. तोवर बारीक दातांची फणी रोज मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी फिरवा, आणि जे निघेल ते साबणाच्या पाण्यात बुडवा. काळे कण निघाले तर ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला की ती पिसवांची विष्ठा. लॅबचं वजन करून आणा, त्याच्या मापाचं पर्मेथ्रिन नसलेलं औषध देतो. गाद्यांचे अभ्रे, मांजराची गोधडी कडक गरम पाण्यात धुवा. व्हॅक्यूम फिरवा, दिवाण सरकवून त्याच्याखालीही, आणि पिशवी लगेच घराबाहेर टाका. व्हॅक्यूमच्या कंपाने कोश फुटतात, आपल्याला तेच हवं असतं. दोघांचाही महिन्याचा डोस किमान तीन महिने चुकवू नका. पेस्ट कंट्रोल बोलावलंत तर घरात मांजर आहे हे आधी सांगा, आणि फवारा पूर्ण वाळेपर्यंत चिकूला दुसरीकडे ठेवा.

शेजारणीने कडुलिंबाचं तेल आणि कापूर सुचवलाय, असं तुम्ही लिहिलंय. लावू नका, टी ट्री तेलही नको. मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतं. फिनेलने पुसलेल्या फरशीवर चाललं तरी नंतर पंजे चाटतंच.

तुमच्या सासूबाईंना प्लेगची धास्ती वाटते, हेही वाचलं. १८९७ च्या गोष्टी पुण्यातल्या घराघरांत अजून सांगितल्या जातात, त्यामुळे ती भीती मी समजू शकतो. पण तो प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांनी पसरवला, चिकूच्या अंगावरची जात वेगळी. त्यासाठी त्याला घराबाहेर काढू नका. मात्र चाटताना पिसू गिळली गेली की पोटात पट्टकृमी होतात, शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात. त्याची गोळी डॉक्टरांना विचारून द्या.

फणी तुमच्यासाठी काउंटरवर बाजूला ठेवली आहे, पैसे नकोत. चिकूच्या हिरड्या मात्र आजच एकदा ओठ वर करून बघा. गुलाबी असतील तर सवडीने या. पांढुरक्या दिसल्या तर पिसवांनी रक्त कमी केलंय असं समजा आणि आमच्याकडे न थांबता थेट डॉक्टरांकडे जा.