खंबाटकीत बंद पडलेल्या मारुती ८०० बद्दल: गॅरेजवाल्याचं उत्तर

नमस्कार काका,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आधी काकूंची माफी मागतो. भर मे महिन्यात खंबाटकीच्या वळणावर दीड तास ताटकळायला लागलं, तेही आमच्याकडून गाडी नेल्यावर चौथ्या दिवशी. त्यावर माझ्याकडे सबब नाही.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. १९९८ ची कार्बोरेटरवाली (इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) मारुती ८००. चढाला दम टाकते, धक्के खात बंद पडते, दहा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी चालू होते. आम्ही गाडीतला पेट्रोल पंप आणि इंजिन ऑईल बदलून २,७३० रुपये घेतले. पुण्याहून वाईला जाताना घाटात पुन्हा तेच. तिथे एका मेकॅनिकने टाकीचं झाकण उघडलं, गाडी चालू, घेतले शंभर रुपये. म्हणजे पंप चांगलाच होता आणि आम्ही लुबाडलं, असं तुमचं म्हणणं.

झाकणाचं तुमचं खरं आहे. पंपाचं नाही.

या गाडीला टाकीत इलेक्ट्रिक पंप नसतो. इंजिनाच्या कॅमवर (फिरत्या उंचवट्यावर) हलणारा, रबरी डायफ्रामचा म्हणजे पडद्याचा साधा पंप पुढे, टाकी मागे, आणि मधल्या पाईपातून तो पेट्रोल ओढून आणतो. गाडी आली तेव्हा डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) काढली तर ऑईल वरच्या खुणेच्याही वर, आणि त्याला पेट्रोलचा वास. ऑईल वापराने कमी होत जातं काका, आपोआप वाढत नाही. डायफ्राम फाटला की पेट्रोल इंजिनात उतरतं, ऑईल पातळ होतं आणि त्यावर गाडी दामटली तर बेअरिंग बसते. मग खर्चाचा आकडा २,७३० वर राहत नाही. पंप उघडला तर डायफ्रामला कडेने नखाएवढी चीर. म्हणून पंप, आणि म्हणूनच ऑईल. बिलावर नुसतं ‘ऑईल’ लिहिलं आणि कारण सांगितलं नाही, ही आमची कसूर.

खरी चूक त्याच्या पुढची आहे. फाटका पंप हातात आला आणि आम्हाला वाटलं, चोर सापडला. दुसरा चोर आहे का, हे बघितलंच नाही. ट्रायल घेतली, जुन्या कात्रज घाटात दोनदा वर-खाली. गाडी मक्खन. पण ट्रायलला निघण्याआधी आमच्या पोराने टाकीत पाच लिटर पेट्रोल टाकलं होतं. म्हणजे झाकण उघडलं होतं. म्हणजे जो बिघाड शोधायचा तोच आम्ही आपल्या हाताने दहा मिनिटांपूर्वी सोडवून निघालो होतो. हे मला तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर सुचलं, आणि खरं सांगतो, त्या रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी तुमचे चिरंजीव गाडी घेऊन आले. यावेळी झाकणाला कुणालाही हात लावू दिला नाही. पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी घातली आणि गाडी उभ्या जागी रेस वाढवून चालू ठेवली. पहिली दहा-बारा मिनिटं नळी भरलेली. मग बुडबुडे दिसायला लागले, मग पेट्रोलची धार तुटायला लागली, विसाव्या मिनिटाला इंजिन गचके देऊन बंद. टाकीच्या झाकणाची चावी फिरवून ते सैल केलं, तर ‘फुस्स’ करून टाकीने हवा आत ओढली. शेजारचा चहावाला वळून बघायला लागला इतका आवाज. स्टार्टर मारला, नळी पुन्हा गच्च भरली. चिरंजीवांनी मोबाईलवर शूटिंग केलंय, बघा.

टाकीतलं पेट्रोल जेवढं कमी होतं तेवढी हवा आत यायला हवी. नाही आली तर आत पोकळी तयार होते आणि पुढचा पंप कितीही ओढो, पेट्रोल येत नाही. गावात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत हे कळत नाही. घाटात दुसऱ्या गियरवर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी पेट्रोल भराभर पिते, तिथे कार्बोरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी रिकामी पडते. थांबलं की कुठून तरी हवा हळूहळू झिरपते आणि गाडी चालू. तुम्ही पंपावर ओलं फडकं टाकायचात आणि गाडी सुरू व्हायची, म्हणून सगळ्यांनी ‘गरम होते’ असं ठरवलं. फडक्याने नाही, ते भिजवून आणण्यात जी दहा मिनिटं जायची त्याने चालू व्हायची.

हवेची वाट बंद कशाने झाली? दोन ठिकाणी. गाडी आठ महिने पार्किंगमध्ये उभी होती, तेवढ्यात टाकीच्या ब्रीदर पाईपात (टाकीत हवा येण्याच्या नळीत) कुंभारमाशीने घर केलं. पाईप कापला तर आतून बोटभर लांबीची सुकलेली मातीची गोळी निघाली. एवढंच असतं तर कदाचित गाडी अडली नसती, कारण झाकणातही हवा आत घेणारा बारीक व्हॉल्व्ह असतो. पण मूळ झाकण हरवल्यावर तुम्ही बाजारातून चावीचं झाकण आणलंत, त्यात व्हॉल्व्हच नाही. तोंडाला लावून ओढून बघितलं, हवेचा थेंब येत नाही.

तुम्हाला आमच्या पोराने फोनवर ‘ई-२० पेट्रोलमुळे होत असेल’ (म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे) असं सांगितलं, तेही चुकलं. इथेनॉलने जुन्या गाड्यांचे रबरी पाईप फुगतात, मऊ पडतात, हे आम्ही रोज बघतो. पण हल्ली न सापडलेल्या प्रत्येक बिघाडाची पावती ई-२० च्या नावावर फाडायची सवय लागली आहे, आमच्या धंद्यालाच.

घाटातल्या त्या मेकॅनिकला माझा नमस्कार सांगा, त्याने नेमकं ओळखलं. फक्त त्याने सुचवल्याप्रमाणे झाकणाऐवजी फडकं कोंबून गाडी चालवू नका. पेट्रोलची वाफ आहे ती.

पाईप बदलला, व्हॉल्व्हवालं झाकण बसवलं, दोन्हीचे पैसे घेतले नाहीत. मग चिरंजीव, मी आणि मागे आमची दोन पोरं, असे चौघे कात्रजहून निघालो आणि वाटेत झाकण न उघडता खंबाटकी चढून सुरूर फाट्याला चहा घेतला. आधीच्या बिलातले लेबरचे ६५० त्यांच्या हाती परत दिलेत. पंप आणि ऑईलचे पैसे देणार नाही, ते काम गाडीला लागतच होतं. फाटका डायफ्राम टेबलावर ठेवलाय, कधीही येऊन बघा. स्टार बदला म्हणत नाही.

तुमचं चावीचं झाकण मात्र मी पोरांना दाखवायला ठेवून घेतलंय. त्याची चावी तुमच्या जुडग्यात राहिली आहे, ती आता काढून टाकली तरी चालेल.