हृदयरुग्णाला भेटायला जाताय? दह्याचं ज्ञान सोबत घ्या!

ओळखीत कुणाची ॲन्जिओप्लास्टी झाली की भेटायला जावंच लागतं. रिकाम्या हाताने जाववत नाही आणि शहाळ्यांचे भाव तर विचारूच नका. अशा वेळी सर्वांत स्वस्त, न नासणारी आणि पिशवी न लागणारी भेट म्हणजे सल्ला. त्यातही सध्या ‘दही-ताक खा, हृदय ठणठणीत’ या सल्ल्याला मोठा उठाव आहे. आमच्या बाबांना दिवाळीनंतर हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये या विषयावर व्याख्यानमाला चालू आहे. वक्ते बदलतात, पोहे मीच करते. त्या अनुभवाच्या बळावर नव्या वक्त्यांसाठी या काही सूचना.

आत शिरताच रिपोर्टची फाइल मागा. त्यातलं काही कळलं नाही तरी भुवया उंचावा.

मग एक सुस्कारा सोडून म्हणा, "डॉक्टर काय, सांगतातच हो."

आता थेट बल्गेरियात जा. तिथले शेतकरी शंभरी गाठतात ती दह्याच्या जोरावर, असं ठणकावून सांगा. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या इल्या मेच्निकॉव्ह यांचं नाव घ्या. नाव नीट उच्चारता आलं नाही तर ‘तो नोबेलवाला रशियन’ म्हटलं तरी भागतं. माणूस खराच मोठा. आंबट दुधातले जंतू आतड्यातली सडण्याची क्रिया रोखतात आणि म्हातारपण लांबवतात, हा विचार त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडला, आणि स्वतःही ते नेमाने आंबट दूध पीत. मात्र १९०८ चं नोबेल त्यांना रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी मिळालं होतं, दह्यासाठी नव्हे, हे बोलू नका. आणि १९१६ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, ते गेले ते हृदय निकामी होऊन, हे तर अजिबात बोलू नका. समोरच्याच्या घशात पोहे अडकतील.

एखादा कॉलेजातला भाचा मध्येच तोंड घालून ‘पुरावा काय?’ असं विचारील. घाबरू नका, पुरावा आहे. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २१ देशांतल्या १ लाख ३६ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दूध-दही वगैरे दिवसातून दोनपेक्षा जास्त वेळा खाणाऱ्यांमध्ये, ते मुळीच न खाणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं आणि हृदयविकार-पक्षाघाताचं प्रमाण कमी आढळलं. दह्याचा हिशेब वेगळा मांडला तरी कल तोच होता. हे सगळं खरं आहे. आता, ही माणसं आपापल्या मर्जीने जेवत होती आणि संशोधक फक्त नोंदी ठेवत होते. ज्याला रोज दही परवडतं त्याला बाकीचंही बरंच काही परवडतं, आणि हा फरक आकडेमोडीने पुरता पुसता येत नाही. पण एवढं बोलत बसलात तर पुढच्या पेशंटकडे कधी पोहोचणार? म्हणून ‘संशोधनाने सिद्ध झालंय’ एवढंच म्हणा आणि बशी पुढे करा.

या अभ्यासाचे प्रमुख डॉक्टर सलीम युसुफ मूळचे आपल्या केरळचे, काम कॅनडात. तेव्हा त्यांचा उल्लेख छाती फुगवूनच करा. फक्त याच युसुफांनी भारतातल्याच लोकांवर रक्तदाबाची औषधं, कोलेस्टेरॉलचं औषध आणि ॲस्पिरिन एकाच कॅप्सूलमध्ये घालून चाचणी घेतली आणि २००९ साली त्याच ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष छापले, हे चहाबरोबर गिळून टाका. दह्याच्या बाजूने उभा केलेला माणूस गोळ्यांच्या बाजूचा निघाला, तर पंचाईत व्हायची.

पेशंटला मीठ कमी सांगितलं असेल, तर ताकाची शिफारस आणखी जोरात करा. सोबत हिंग, जिरं, काळं मीठ आणि वर सढळ हाताने सैंधव. "सैंधव म्हणजे मीठ नव्हे हो!" हे वाक्य आवाज खाली आणून, गुपित सांगितल्यासारखं म्हणायचं. (ते मीठच असतं. गुलाबी दिसलं तरी सोडियम क्लोराइडच. आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाकाठी ५ ग्रॅमच्या आत मीठ म्हणते, ते आमटी, लोणचं, पापड, बिस्किटं सगळं धरून. तुमचा तांब्या त्यात कुठे बसवायचा?)

कढीतही ‘जिवंत जंतू’ असतात, असं बिनधास्त सांगा. उकळी फुटल्यावर ते कसे तगतात, हे विचारण्याएवढं त्राण पेशंटमध्ये नसतं.

निघताना तोंड गोड करायला श्रीखंडाचा डबा ठेवा. चक्काच ना तो शेवटी! सरकारी मानकाप्रमाणे श्रीखंडातलं पाणी वगळून जे उरतं त्यात ७२.५ टक्क्यांपर्यंत साखर चालते, पण ते वाचायला चष्मा लागतो, आणि डबा देताना चष्मा नेमका घरी राहिलेला असतो.

तुपाचीही वर्णी लावा. दह्यापासून लोणी, लोण्यापासून तूप, म्हणजे घराणं एकच. दह्यात स्निग्धांश शेकडा तीन-चार आणि तुपात जवळजवळ शंभर, असला वाण्याचा हिशेब मोठ्या माणसांनी करू नये.

एवढं जमलं की तुम्ही मुख्य प्रयोगाला तयार झालात. आवाज मऊ करा, खुर्ची पलंगाजवळ ओढा, सुनेला किंवा मुलीला पाणी आणायला आत पाठवा आणि विचारा, "या गोळ्या किती दिवस खाणार रे?"

आमच्याकडे हा प्रयोग नानाकाकांनी केला. बाबांचे मावसभाऊ, माणूस प्रेमळ, निवृत्त, हातात मोबाइल. त्यांनी सांगितलं की नळात गाळ साचावा तसं ब्लॉकेज असतं आणि रोज अनशापोटी वाटीभर घरचं दही, त्यात जवसाची पूड घालून खाल्लं की ते विरघळून वाहून जातं. शिवाय कोलेस्टेरॉलच्या गोळीने लिव्हर जातं. बाबांना पटलं. का नाही पटणार? गोळ्यांनी तोंड कडू होतं, दही चवीला छान लागतं, आणि नानाकाका लहानपणापासूनचे. बाबा रोज माझ्यासमोर हातावर गोळ्या घ्यायचे, पाणी प्यायचे. त्या गोळ्या मला उशीच्या अभ्र्यात सापडल्या, अभ्रे धुवायला काढले तेव्हा.

डॉक्टरांना फोन केला. ते क्षणभर काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, आत्ताच्या आत्ता घेऊन या. रिक्षात बाबा मला म्हणत होते, "अगं, मला काही होत नाहीये." ईसीजी ठीक आला. बाबांचं नशीब.

मी नानाकाकांना फोन केला. म्हणाले, "मी आपलं सहज सांगितलं. बंद करा असं कुठे म्हटलं?"

सहज? ऐका मग. ब्लॉकेज म्हणजे नळातला गाळ नव्हे. ते रक्तवाहिनीच्या भिंतीत, आतल्या अस्तराखाली वाढतं. पोटात गेलेलं दही पचतं, ते तिथे जाऊन काही खरवडून काढत नाही. स्टेंट ही धातूची जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचं अस्तर चढायला महिने लागतात, आणि तोवर रक्त त्या जाळीवर गोठू शकतं. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन-दोन गोळ्या असतात, बहुतेकांना सहा महिने ते वर्षभर, आणि पुढेही त्यांतली एक चालू राहते. मध्येच सोडल्या तर स्टेंट एकाएकी बंद पडू शकतो, आणि तो झटका माणसाला दवाखान्यापर्यंत पोहोचू देईलच असं नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीने लिव्हरला गंभीर इजा होणं फार दुर्मीळ, आणि त्यावर लक्ष ठेवायला डॉक्टर आहेत. तुम्ही नाही.

दह्याशी माझं भांडण नाही. घरी रोज विरजण लागतं, बाबांना दुपारी जेवताना बिनसाखरेचं, कमी सायीचं दही मिळतं आणि डॉक्टरांची त्याला ना नाही. तेवढ्याच चरबीचं लोणी वाईट कोलेस्टेरॉल जितकं वाढवतं, तितकं दह्यासारखंच आंबवून केलेलं चीज वाढवत नाही, असंही प्रयोगांत दिसलंय. चांगली गोष्ट आहे, आणखी अभ्यास होऊ दे. पण जेवण हे जेवण आणि औषध हे औषध. वाटीभर दही खाऊन गोळी सोडा, असं मेच्निकॉव्हनी सांगितलेलं नाही, युसुफांनी नाही, आमच्या आजीनेही नाही. सांगितलं ते तुम्ही. मोबाइलवर आलेला तीन मिनिटांचा व्हिडिओ पुरता न बघता, दुसऱ्याच्या बापाच्या जिवावर.

आणि नानाकाका स्वतः? सकाळी बीपीची गोळी घेतल्याशिवाय चहाला तोंड लावत नाहीत. काकूनेच सांगितलं. लाज वाटायला हवी.

यायचं असेल तर या. बाबांशी क्रिकेटवर बोला, पेन्शनवर बोला, सोसायटीच्या पाण्यावरून भांडा. पोहे करीन. औषधाचा विषय काढायचा असेल तर खालून फोनही करू नका, मी वॉचमनला तुमचं नाव देऊन ठेवलंय.