पंचेचाळीस हजारांचा अनुभव

मानवतच्या मावशीचा फोन परवा रात्री साडेदहाला आला. नवाला झोपणारी बाई ती, म्हणून आधी काळजात धस्स झालं. तिचा पोरगा यंदा कॉम्प्युटर सायन्समध्ये बी.टेक. झालाय, तेव्हापासून घरीच आहे. "एक मेसेज आलाय बघ. उद्या संध्याकाळपर्यंत पैसे भरा म्हणायलेत, जागा संपायल्यात म्हणे. भरू का रे?"

मेसेज उघडला तर ओळखीचाच. आमच्या नांदेडच्या बॅचच्या ग्रुपवर तो दोनदा येऊन गेलाय, भावकीच्या ग्रुपवरही पडलाय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: इंटर्नशिप नसेल तर कंपन्या तुमचा रेझ्युमे उघडतही नाहीत. मराठवाड्यातल्या कॉलेजच्या डिग्रीला पुण्यात कुणी विचारत नाही. एआयनं फ्रेशरचं काम संपवलंय. पास झाल्यावर सहा महिन्यांत नोकरी लागली नाही तर पुढं कधीच लागत नाही. आणि ज्यासाठी हा सगळा मजकूर लिहिलाय तो शेवटचा मुद्दा: ४५ हजार भरा, आम्ही इंटर्नशिपचं सर्टिफिकेट आणि दोन वर्षांचा अनुभव ‘लावून’ देतो, पगाराच्या स्लिपांसकट. सगळे हेच करतात.

माझ्या रेझ्युमेवर पहिली नोकरी लागली तेव्हा इंटर्नशिपची एक ओळ नव्हती. आज नऊ वर्षं पुण्यात काम करतोय, त्यातली चार वर्षं आमच्या टीमसाठी फ्रेशरच्या मुलाखती घेतोय. हा मेसेज वाचून मला गप्प बसवत नाही.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरू करतो, कारण पोरांचं खरं वाटोळं तिथं होतंय.

अनुभव ‘लावता’ येत नाही. खऱ्या नोकरीचा माग मागं राहतो. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीला पीएफचा कायदा लागू होतो. कर्मचाऱ्याचा एक यूएएन नंबर असतो आणि त्या नंबराखाली कुठल्या कंपनीत कधी लागला, कधी सोडली, हे तारखांसकट दिसतं. नोकरी देताना कंपनी बीजीव्ही करते, म्हणजे तुमची पार्श्वभूमी तपासते, तेव्हा हीच नोंद मागतात. "आमची कंपनी लहान होती, पीएफ नव्हता," असं म्हणायला हे दुकानदार पोरांना शिकवतात. मग तपासणारा बँकेचं स्टेटमेंट मागतो. दोन वर्षांत दर महिन्याला पगार जमा झालेला दाखवा म्हणतो. काय दाखवणार?

पकडलं जात नाही म्हणणाऱ्यांनी २०२२ चा नोव्हेंबर आठवावा. ॲक्सेंचरनं तेव्हा उघड सांगितलं होतं की भारतात बनावट कंपन्यांची कागदपत्रं आणि अनुभवपत्रं लावून नोकऱ्या मिळवण्याचा प्रकार त्यांना सापडला, आणि तसं केलेल्या लोकांना त्यांनी काढून टाकलं. ती माणसं मुलाखत पास झालेली होती, कामाला लागलेली होती, तरी गेली. खोटा कागद खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० खाली गुन्हा आहे. केस झाली तर ती कागद वापरणाऱ्या तेवीस वर्षांच्या पोरावरही होते, हे मेसेजमध्ये कुठं लिहिलंय?

आणि समजा पकडला नाही, तरी नुकसान ठरलेलंच आहे. ते कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. फ्रेशरची भरती पास झालेल्या वर्षावर चालते. दोन वर्षांचा अनुभव लावला की तुम्ही फ्रेशर राहत नाही. जिथं तुम्हाला फक्त बेसिक विचारणार होते तो दरवाजा तुम्ही स्वतःच्या हातानं लावून घेता आणि जाऊन बसता खऱ्या अनुभवी लोकांच्या रांगेत. गेल्या वर्षी असा एक पोरगा माझ्यासमोर आला होता, बीड जिल्ह्यातला. कागदावर दोन वर्षं तीन महिने. मी साधं विचारलं, "रात्री चालू सिस्टीम बंद पडली तर तुमच्याकडं कोण उठायचं? सगळ्यात आधी काय बघायचात?" ज्यानं सहा महिने खरं काम केलंय तो यावर दहा मिनिटं बोलतो. हा स्क्रीनकडं बघत बसला. मग हळूच म्हणाला, "सर, मी फ्रेशरच आहे." त्यानंतर मी त्याला दोन-चार मूलभूत गोष्टी विचारल्या, तर पोरगं बरं होतं. पण अर्ज अनुभवी जागेसाठी होता आणि खोटी माहिती आता माझ्या कानावर आली होती. मला त्याला घेता आलं नाही. फ्रेशर म्हणून आला असता तर मी त्याला पुढच्या फेरीत पाठवला असता.

आता ४५ हजार म्हणजे किती ते बघा. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. त्या भावानं साडेआठ क्विंटलच्या आसपास सोयाबीन विकावं लागतं, आणि मोंढ्यात हमीभाव कितीजणांच्या पदरात पडतो हे आपल्याला माहीत आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ज्या घरात पोत्यांचा हिशेब बोटांवर होतो, त्या घराकडून हे पैसे मागायलेत. मला याचाच जास्त राग आहे.

पैसे भरून इंटर्नशिप ही उलटी गंगा आहे. अप्रेंटिसशिपचा, म्हणजे कंपनीत काम करत शिकण्याचा, कायदा १९६१ पासून आहे आणि त्यात पैसे तुम्हाला मिळतात. २०१९ च्या नियमांत पदवीधर अप्रेंटिसला महिना किमान ९,००० रुपये ठरवले, आणि केंद्राच्या नॅट्स या अप्रेंटिसशिप योजनेत त्या किमान रकमेचा निम्मा भार सरकार उचलतं. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. हे डिग्री झाल्यावर करता येतं, म्हणजे कॉलेजात असताना इंटर्नशिप राहिली त्यांच्यासाठीच आहे. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे, २०२४ ची, पदवीधराला महिना १०,०००. त्यातून पुढं कायम नोकरी मिळते असं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण तिथंही खिशातून काही जात नाही.

रेझ्युमे उघडत नाहीत हा पहिला मुद्दा. टीसीएसच्या नॅशनल क्वालिफायर टेस्टच्या अटी काढून वाचा, मी मावशीच्या पोराला फोनवर वाचून दाखवल्या. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी, सगळीकडं ६० टक्के. एकापेक्षा जास्त बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, नको. शिक्षणात दोन वर्षांपेक्षा जास्त खंड नको. इंटर्नशिप हा शब्द त्या अटींत नाही. देशातली सगळ्यात मोठी आयटी कंपनी फ्रेशर घेताना जे मागत नाही, ते नसेल तर आयुष्य संपलं, हे या मेसेजवाल्यांना कुणी सांगितलं? नांदेड, लातूरचं कॉलेज चालत नाही असंही त्या अटींत कुठं नाही. कंपन्या आपल्या कॉलेजात येत नाहीत ही तक्रार खरी आहे, मीही केलीय. पण परीक्षा ऑफ कॅम्पस, म्हणजे कंपनी कॉलेजात न येताही, देता येते आणि तिथं पेपर सगळ्यांना सारखाच असतो.

इंटर्नशिप नसलेल्यानं मग दाखवायचं काय? भूमकडची एक मुलगी आमच्याकडं आली होती. तिच्या वडिलांचं दूध संकलन केंद्र आहे. तिथल्या दहा दिवसांच्या बिलासाठी तिनं प्रोग्राम लिहिला होता: फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) टाकलं की दरपत्रकातून दर निघतो. बाकी सगळं बरोबर, पण ३.३ फॅटच्या दुधाचं बिल शून्य यायचं. शोधता शोधता तिला सापडलं की तिनं दरपत्रक ३.० पासून ०.१ मिळवत तयार केलं होतं, आणि कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक जसे साठवतो त्यामुळं तिसऱ्या पायरीला ३.३ न येता ३.३००००००००००००००३ येत होतं. ते ३.३ शी जुळत नव्हतं, म्हणून दर मिळत नव्हता. तिनं फॅट दहापट करून पूर्णांकात ठेवलं, ३३, आणि प्रश्न मिटला. हे तिनं मला कागदावर लिहून समजावलं. ज्यांची बिलं चुकली होती त्यांची वहीतली पानंही तिला आठवत होती. इंटर्नशिपचं सर्टिफिकेट तिच्याकडं नव्हतं. ती आज माझ्या टीममध्ये आहे.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, मनाविरुद्ध का होईना. दिवस खरंच अवघड आहेत. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात टीसीएसची माणसं १३,२४९ नी कमी झाली, इन्फोसिसची २५,९९४ नी. एवढी माणसं कमी झाली की पहिला फटका फ्रेशरला बसतो. आणि इंटर्नशिप केलेल्याला फायदा होतो हेही खरं आहे, कारण कंपनीनं त्याला सहा महिने पाहिलेलं असतं. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचा खर्च ज्याच्या घरच्यांना झेपतो त्याला ती संधी लवकर मिळते, सेलू-जिंतूरच्या पोराला मिळत नाही. हा अन्याय आहे. पण त्यावर खोटं सर्टिफिकेट विकणं हा इलाज कसा?

एआयचं म्हणाल तर काम बदललंय. पण लिहून आलेला कोड चुकला कुठं हे सांगणारं माणूस लागतंच, ३.३ सारखं. आणि सहा महिन्यांची मुदत कुठून आणली ते मेसेजवाल्यांनाच माहीत. मला स्वतःला नोकरी लागायला अकरा महिने लागले होते.

सकाळी मावशीला परत फोन केला. ४५ हजार तिनं भरले नव्हते, पण नोंदणीचे म्हणून ५ हजार आठवड्यापूर्वीच गेले होते, माझ्या काकांच्या मोबाइलवरून. मी त्या नंबरवर फोन करून पावती मागितली. "सर, पावती जॉइनिंगच्या दिवशी मिळेल," म्हणाला, आणि दुपारी त्यानं मावशीचा नंबर ब्लॉक केला. त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. उद्या मावशीचा पोरगा तो घेऊन परभणीला सायबरला तक्रार द्यायला जाणार आहे.