हजारो ड्रॉइंगांचा बाप

पीडीएम, म्हणजे कंपनीची सगळी ड्रॉइंगं एका डेटाबेसात सांभाळणारी सिस्टिम, विकायला येणारे लोक एक चित्र हमखास दाखवतात. डावीकडे पिवळं फोल्डर, उजवीकडे डेटाबेसचं निळं पिंप आणि मधे एक जाडजूड बाण. फोल्डरवर 'जुनी ड्रॉइंगं' असं लिहिलेलं असतं, पिंपावर 'सगळं एका जागी' वगैरे. बाणावर काहीच लिहिलेलं नसतं. तो बाण म्हणजे मी.

चित्रात फोल्डर एकच असतं, हा पहिला दगा. आमच्या सर्व्हरवर 'जुने', 'जुने नवीन', 'साहेबांचे', 'साहेबांचे जुने' आणि 'डिलीट करू नये' अशी दाट वस्ती आहे. 'डिलीट करू नये'च्या पोटात 'डिलीट' नावाचं फोल्डर आहे. ते उघडायची हिंमत आजवर कोणी केलेली नाही. जुन्या फाइली नव्या सिस्टिमीत भरणाऱ्या इंपोर्ट टूलने केली, पण आतल्या फाइलींचा पाथ, म्हणजे पूर्ण पत्ता, विंडोजच्या २६० अक्षरांच्या मर्यादेपलीकडे गेलेला निघाला, आणि तेही मुकाट्याने परत आलं.

ऑटोकॅड हे संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर १९८२ साली बाजारात आलं. आमची काही ड्रॉइंगं त्याच्या पाठोपाठच आली असावीत. डॉसच्या काळात फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागे, म्हणून तेव्हाच्या मंडळींनी स्वर गाळून बारसं उरकलं: 'बीआरकेटीएलएच२'. ब्रॅकेट, लेफ्ट हँड, दुसरा. कशाचा ब्रॅकेट, ते बहुधा नवव्या अक्षरात होतं. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर पहिली सहा अक्षरं तिची पिढी सांगतात. एसी१००९ म्हणजे ऑटोकॅड रिलीज ११ किंवा १२, एसी१०१५ म्हणजे ऑटोकॅड २००० ते २००२, एसी१०३२ म्हणजे ऑटोकॅड २०१८ किंवा त्यानंतरची. जनावराचे दात बघून वय सांगणारे असतात, तसा मी आता फाइलीचं वय सांगतो. अजून कोणी विचारलेलं नाही.

खरी मजा टायटल ब्लॉकपाशी, म्हणजे ड्रॉइंगाच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीपाशी सुरू होते. ड्रॉइंग नंबर, नाव, मटेरियल, रेव्हिजन (ड्रॉइंगाची कितवी सुधारित आवृत्ती, ते सांगणारं अक्षर) ही माहिती सिस्टिम टायटल ब्लॉकच्या ठरलेल्या रकान्यांतून, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूटमधून आपोआप वाचून घेते, असं आम्हाला डेमोमध्ये दाखवलं होतं. डेमोतल्या ड्रॉइंगात तसं झालंही. पण आमच्या एका पूर्वसूरीला टायटल ब्लॉकमधलं नाव दोन मिलिमीटर डावीकडे सरकवायचं होतं. त्यासाठी त्याने अख्खा ब्लॉक एक्स्प्लोड केला, म्हणजे फोडून सुटा केला. मग तेच ड्रॉइंग कॉपी करून पुढची शेकडो काढली. परिणामी माणसाला तिथे ठसठशीत ड्रॉइंग नंबर दिसतो; सिस्टिमला दिसतात काही सुट्या रेषा आणि काही बेवारस अक्षरं. ती नम्रपणे 'नंबर रिकामा' म्हणून लाल ओळ टाकते. जिथे ब्लॉक शाबूत होता, तिथे लोकांनी जागा बघून माहिती भरली होती. 'स्केल'च्या रकान्यात ऐसपैस जागा होती, म्हणून तिथे ग्राहकाचं नाव. 'चेक्ड बाय'मध्ये तारीख. तपासणाराचं नाव कुठेच नाही, यात मात्र प्रामाणिकपणा होता.

रेव्हिजनचं वेगळंच. आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड ही अक्षरं रेव्हिजनसाठी वापरू नयेत असा अमेरिकन मानकातला संकेत आहे, कारण ती आकड्यांशी किंवा एकमेकांशी गफलत करतात. सिस्टिम हा संकेत शिकून आलेली होती. आमच्या जवळपास प्रत्येक पहिल्या ड्रॉइंगावर 'ओ' होता. शून्य म्हणून मारलेला. कीबोर्डवर शून्य वर असतं, हात तिथवर कोण नेणार?

यानंतर येतं नात्यांचं प्रकरण. असेंब्लीच्या, म्हणजे अनेक पार्ट जोडून दाखवणाऱ्या फाइलीत पार्ट नसतात, पार्टांचे पत्ते असतात. सॉफ्टवेअरवाले एकीला पेरेंट म्हणतात, दुसऱ्याला चाइल्ड, आणि इंपोर्टचा नियम असा, की आधी पोरं आत घ्यायची, मग आईबाप. पोरांनी सांगितलेल्या पत्त्यावर राहायला हवं, एवढीच अपेक्षा. आमच्या असेंब्ल्यांनी दिलेला पत्ता होता कुणाच्या तरी जुन्या संगणकातला डी ड्राइव्ह. तो संगणक भंगारात गेला त्याला जमाना झाला. काही जोड्या तर अशा निघाल्या, की पहिली फाइल दुसरीकडून मापं घेते आणि दुसरी पहिलीकडून. दोघी एकमेकींच्या आया. यातलं पोर कोण, हे ठरेपर्यंत टूल गोल गोल फिरत राहिलं.

आणि 'पार्ट१'. नवा पार्ट उघडला की सॉफ्टवेअर स्वतःहून त्याला हे नाव ठेवतं. नाव बदलणं माणसाच्या हातात असतं, म्हणून ते बदललेलं नसतं. वेगवेगळ्या फोल्डरांत राहून हे सगळे पार्ट१ वर्षानुवर्षं सुखाने नांदत होते. सिस्टिमला मात्र एका नावाची एकच फाइल हवी. तपासायला मी एक असेंब्ली उघडली, आणि आधीपासून उघडा असलेला दुसराच पार्ट१ तिच्यात जाऊन बसला. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, बेअरिंगच्या जागी, टेबलाचा रबरी पाय. सॉफ्टवेअरची काहीच तक्रार नव्हती. नाव जुळलं होतं.

फाँटांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण जखम ताजी आहे. जुन्या ड्रॉइंगांतला कुणाचा तरी घरगुती फाँट नव्या संगणकावर नव्हता. त्यातलं व्यासाचं चिन्ह प्रश्नचिन्ह होऊन आलं. म्हणजे भोकाशेजारी '?२०'. इतकी वर्षं आम्ही ड्रॉइंगाला विचारत होतो, आता ड्रॉइंग आम्हाला विचारू लागलं.

शेवटी आम्ही निवृत्त झालेल्या ड्राफ्ट्समनकाकांना फोन लावला. सगळ्या नात्यांचा, पत्त्यांचा आणि आठ अक्षरी नावांचा खरा डेटाबेस तेच होते. फक्त त्यांचा बॅकअप घ्यायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. काका प्रेमाने बोलले. 'बीआरकेटीएलएच२' म्हणजे काय, हे त्यांनी क्षणात सांगितलं. पण ब्रॅकेटच्या त्या कोपऱ्यात कशालाच न जुळणारं एक भोक का आहे, असं विचारल्यावर म्हणाले, "ते तसंच लागतं."

"पण कशासाठी, काका?"

"लागतं रे. काढू नका."

ही माहिती कुठल्या रकान्यात भरायची, ते व्हेंडरच्या माणसालाही सांगता आलं नाही.

इंपोर्ट अखेर पार पडला. साहेबांच्या डॅशबोर्डवर हिरवी पट्टी झळकली. तिच्याखालच्या इशाऱ्यांची यादी बघायला स्क्रोल करावं लागतं, आणि साहेब स्क्रोल करत नाहीत. मला वाटलं, सुटलो.

पण बल्क इंपोर्टची परवानगी फक्त माझ्या लॉगिनला दिलेली होती. सिस्टिमच्या लेखी एखादी फाइल जन्माला येते ती तिच्यात शिरल्यावर, आणि तिला आणणारा तिचा जन्मदाता. त्यामुळे आता प्रत्येक ड्रॉइंगाच्या 'क्रिएटेड बाय'पुढे माझं नाव आहे. आईबाप हरवलेली सगळी पोरं एका रात्रीत माझ्या नावावर लागली.

शॉप फ्लोअरवरून फोन येतात.

"साहेब, तुम्ही या ब्रॅकेटला हे कोपऱ्यातलं भोक कशाला दिलंय?"

"अहो, मी कुठलं दिलंय! तारीख बघा ना. १९९१. तेव्हा मी शाळेत होतो."

"तारीख जुनीच आहे. पण नाव तुमचं आहे. मारायचं का नाही, तेवढं सांगा, मशीन थांबलंय."

सुरुवातीला मी इंपोर्ट म्हणजे काय, लॉगिन म्हणजे काय, हे सगळं समजावून सांगायचो. मशीन थांबलेल्या माणसाला यातलं काही ऐकायचं नसतं. आता मी दोन सेकंद थांबतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, "मारा. ते तसंच लागतं."

"मग ठीक," असं म्हणून तो फोन ठेवतो. मागच्या आठवड्यात तर एकाने आभारही मानले. म्हणाला, एवढं स्पष्ट उत्तर इथे कोणी देत नाही.